अनवाणी पायांचा हिशेब

आमच्या कोल्हापुरात एक लहानसा स्मृतिन्यास आहे. एका शाळेतले ड्रिलमास्तर वारले, तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो उभा केला. मुद्दल मुदतठेवीत, आणि दरसाल जे व्याज हाती येईल त्यातून सोळा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघांना मदत करायची, एवढेच त्याचे काम. बँकेतून निवृत्त झालेला माणूस हिशेबाला बरा, म्हणून मला विश्वस्त मंडळावर घेतले. यंदा अकरा अर्ज आले आणि पैसे पुरणार होते दोघांना.

कोल्हापुरात फुटबॉलच्या बाबतीत असा निवाडा करणे किती अवघड, हे बाहेरच्या माणसाला सहज कळायचे नाही. येथे पेठेपेठेला तालीम आहे, तालमीचा संघ आहे आणि त्या संघासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणारी घरे आहेत. विश्वस्तही शेवटी कुठल्या ना कुठल्या पेठेचेच. भांडण टाळावे म्हणून मी जुनी सवय कामाला लावली आणि एक तक्ता आखला. नोंदणीला दहा गुण, लेखापरीक्षणाला दहा, मैदानाला दहा, मागील बक्षिसांना दहा. कर्जाचे अर्ज आम्ही असेच तपासत असू. तक्त्याच्या तळाशी आला तो शहराबाहेर, वीटभट्ट्यांपलीकडच्या वस्तीतला एक संघ. रेघी कागदावर लिहिलेला अर्ज, त्यावर शिक्का नाही, नोंदणी नाही, मैदान नाही, बक्षिसाच्या रकान्यात नुसती रेघ. मी त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली.

फुली मारली खरी, पण ती रात्रभर टोचत राहिली. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीच्या निमित्ताने मी सर दोराबजी टाटा यांच्या काळाविषयी बरेच वाचले होते. ते सारे त्या रात्री पुन्हा आठवले. टाटा म्हटले की आपल्याला पोलाद आठवते, फार तर ताजमहाल हॉटेल. परंतु कोणाला द्यावे आणि कसे ठरवावे, या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेला माणूस म्हणूनही दोराबजींकडे पाहता येते.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव. जन्म मुंबईचा, २७ ऑगस्ट १८५९ चा. पुढील शिक्षणासाठी ते विलायतेला गेले आणि केंब्रिजच्या कीज कॉलेजात दोन वर्षे राहिले. पदवी काही तिथे मिळाली नाही. मिळाला तो खेळ. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्हींत त्यांनी कॉलेजचे मानाचे रंग मिळवले. नाव वल्हवली, शर्यती जिंकल्या, टेनिस आणि घोडेस्वारी केली. १८७९ साली परतून मुंबईच्या सेंट झेवियर्समधून ते बी. ए. झाले. वडिलांनी मुलाला लगेच गादीवर बसवले नाही. दोन वर्षे त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्रात उमेदवारी केली. मग जमशेटजींनी त्यांना पाँडिचेरीला धाडले. तिथे कापडगिरणी काढणे परवडेल का, ते पाहून ये, असे ते काम होते. त्यानंतर नागपूरची एम्प्रेस मिल. आमच्या भाषेत सांगायचे तर कर्जमंजुरीआधीची स्थळपाहणी दोराबजी ऐन पंचविशीत शिकले.

या पाहण्याचा एक किस्सा नागपूरचाच आहे. पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंडाची खाण हवी होती. अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्यासह दोराबजींनी चांदा जिल्ह्याचे रान पालथे घातले, पण हाती काही लागले नाही. आता हा नाद सोडतो, हे सरकारी अधिकाऱ्याला सांगण्यासाठी ते नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथे टांगलेल्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यावरचा गडद रंग त्यांना दिसला. तो रंग होता लोखंडाचा. नकाशा सर्वांसाठीच टांगलेला होता. पण दोराबजी तेवढ्यावर थांबले नाहीत, वेल्डना घेऊन त्या डोंगरावर चढले. पुढे कारखाना दुसरीकडे, साकचीला उभा राहिला, तरी शोधाला पुन्हा जोर चढला तो तिथूनच.

१८९८ मध्ये म्हैसूरच्या शिक्षणखात्यातील वरिष्ठ अधिकारी डॉ. भाभा यांच्या मेहेरबाई या कन्येशी त्यांचा विवाह झाला. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव. १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले आणि त्यांची अपुरी स्वप्ने दोराबजींच्या खांद्यावर आली. १९०७ मध्ये पोलाद कंपनी निघाली. लंडनच्या बाजाराने पैसे द्यायला खळखळ केली, तेव्हा मुंबईत भागविक्री उघडली गेली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी भांडवल भरून काढले. १९०९ मध्ये बंगलोरची विज्ञानसंस्था अस्तित्वात आली, १९१० मध्ये जलविद्युत कंपनी. १९१२ साली साकचीत पोलाद निघू लागले. १९०२ मध्येच वडिलांनी परदेशातून पत्र लिहून मुलाला बजावले होते, की कामगारांचे गाव वसवताना सावलीच्या झाडांइतकीच फुटबॉल आणि हॉकीच्या मैदानांची काळजी घ्यावी. कारखान्याला जागाही ठरली नव्हती, तेव्हा मैदाने ठरली होती! पुढे १९८७ साली याच जमशेदपुरात पोलाद कंपनीने मुलांसाठी फुटबॉल अकादमी काढली.

आता पुण्याची गोष्ट, जिच्यामुळे माझी झोप उडाली. १९१९ च्या सुमारास दोराबजी डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते आणि तिथल्या क्रीडास्पर्धांना हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारी पोरे बहुतेक शेतकऱ्यांची. पायात काही नाही, अंगात शिस्तीचे शिक्षण नाही, खाणे बेताचे, विलायती नियमांचा गंध नाही. अशा धावणाऱ्यांकडे पाहून हळहळणारे पुष्कळ असतील. दोराबजींनी वेळ पाहिली. केंब्रिजला स्वतः शर्यती धावलेल्या या माणसाला युरोपातले धावपटू किती वेळ घेतात ते ठाऊक होते, आणि ही अनवाणी पोरे त्या वेळेच्या जवळपास जात होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याजवळ त्यांनी विषय काढला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठवण्याचा घाट घातला. स्वतःची पदरमोड केली. धावपटू आणि कुस्तीगीर निवडले गेले.

निवडीच्या या रीतीचा मी फार विचार केला. दोराबजींनी त्या मुलांची बक्षिसे मोजली नाहीत, कारण बक्षिसे असण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते. आणि त्यांची गरिबी पाहून कळवळ्यानेही पैसे दिले नाहीत. त्यांनी एवढेच तपासले, की काहीही न मिळता हा इथवर आला आहे, तर थोडे मिळाल्यावर कुठवर जाईल? बँकेचा प्रश्न नेमका उलटा असतो. तुझ्यापाशी आधीच काय आहे, असे आम्ही विचारतो, आणि ज्याच्यापाशी आहे त्याला देतो. कर्जाला तो नियम योग्यच आहे, कारण ठेवीदारांचा पैसा परत यायला हवा. परंतु न्यासाचा पैसा परत यायचा नसतो. तरीही तोच तक्ता मी तिथे नेऊन ठेवला होता.

अँटवर्पला पदक मिळाले नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत शिंदे चौथे आले, म्हणजे पदक हातभर अंतरावरून गेले. एखादा दाता म्हणाला असता, एकदा दिले, फळ दिसले नाही, पुरे. दोराबजींनी पुढच्या १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीही हातभार लावला, आणि एका माणसाच्या खिशावर व नजरेवर ही निवड कायम चालणार नाही, हेही ओळखले. प्रांतोप्रांती संघटना हव्यात, चाचण्या हव्यात, नियम शिकवणारी माणसे हवीत. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. मधल्या बक आणि नोरेन या जाणकारांनी हिंडून ते काम केले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी. पुढच्याच वर्षी ते पद पतियाळाच्या महाराजांकडे गेले. त्याच १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक आले.

पॅरिसचे १९२४ साल टाटांच्या घरात दुसऱ्याच कारणाने ध्यानात राहिले. महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले होते, आणि एके दिवशी जमशेदपुराहून तार आली, की कामगारांच्या पगाराला पैसे नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलले. तिच्यात मेहेरबाईंचे दागिनेही होते आणि २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, ज्युबिली हिराही होता. तारण या शब्दाशी माझे तीस वर्षांचे नाते. माणसे तारण देताना चेहरा कसा करतात, ते मी पाहिले आहे. बायकोच्या अंगावरचे सोने टेबलावर ठेवणारा शेतकरी मान वर करीत नाही. दोराबजींच्या मनात काय होते, ते मी सांगू शकत नाही. पण एक निश्चित. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे त्यांनी केले नाही. कंपनी तगली, हिरा परत आला.

१८ जून १९३१ रोजी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. मूलबाळ नव्हते. दोराबजी सत्तरी ओलांडलेले. पत्नीच्या नावाने एखादा पुतळा, घाट किंवा धर्मशाळा बांधणे सोपे होते. त्यांनी लेडी टाटा स्मृतिन्यास काढला, तो ज्या रोगाने पत्नीला नेले त्याच्या संशोधनासाठी. उत्पन्नाचे चार पंचमांश त्या रोगावर जगात कुठेही काम करणाऱ्या संशोधकांना, आणि एक पंचमांश भारतात मानवी दुःख हलके करणाऱ्या संशोधनाला. अर्जांची पारख त्या विषयातल्या शास्त्रज्ञांकडे. आपली जात, आपला धर्म, आपला देश असा रकानाच तिथे नाही.

उरलेले सर्वस्व त्यांनी ११ मार्च १९३२ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केले. टाटा सन्सचे भाग, घरे-जमिनी, टायपिनपर्यंतचे दागिने आणि तो हिराही. विद्या, संशोधन आणि दुःखनिवारण एवढीच दिशा त्यांनी आखून दिली. स्थळ, राष्ट्र, पंथ यांचा भेद करू नये, असे नमूद केले आणि बाकीचे पुढच्यांच्या विवेकावर सोडले. एप्रिलमध्ये पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी ते विलायतेच्या वाटेला लागले. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतच, बाड किसिंगेन येथे, त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी लंडनजवळ ब्रुकवुडच्या स्मशानभूमीत मेहेरबाईंशेजारी ठेवल्या आहेत. १९३६ मध्ये ट्रस्टने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. १९३७ मध्ये हिरा विकला गेला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथल्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेला आपल्या कोकणातला, मराठवाड्यातला एखादा म्हातारा नातेवाईक वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. त्याला त्या हिऱ्याची खबर नसते, आणि असण्याची गरजही नाही.

असो. सकाळी मी अध्यक्षांना फोन केला आणि निवाडा पंधरा दिवस लांबवण्याची विनंती केली. मग आम्ही पाच विश्वस्त पहाटे साडेपाचला, न कळवता, अकराही संघांच्या सरावाला जाऊन आलो. काही ठिकाणी कोणीच नव्हते. तक्त्यात त्यांना भरपूर गुण होते. एका पेठेच्या मैदानावर मात्र लहान पोरांचा सराव घड्याळ लावून चालला होता. वीटभट्ट्यांपलीकडे कापणी झालेल्या उसाच्या रानात तेहतीस मुले होती, त्यात नऊ मुली. शिकवणारा तरुण दिवसा घरांना रंग देण्याचे काम करतो. शाळेच्या वहीत त्याने चौदा महिन्यांची हजेरी ठेवलेली. ती वही मी खोडाखोड, शाई, तारखा सगळे पाहून तपासली. बँकेतली ती नजर सुटत नाही, आणि सुटूही नये. वही खरी होती.

बैठकीत खडाजंगी झाली. वकील विश्वस्तांचा आक्षेप रास्त होता. नोंदणी नसलेल्या संघाला रोख दिली, तर लेखापरीक्षणात आणि धर्मादाय आयुक्तांपुढे काय सांगणार? तोड निघाली ती अशी, की रोख द्यायचीच नाही. बूट, चेंडू, सकाळचे दूध-केळी आणि स्पर्धेचे प्रवासभाडे यांची बिले न्यासाने परस्पर भागवायची, वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पोच द्यायची. एका वर्षाने काही कळत नाही, म्हणून मदत तीन वर्षांची. तीन विरुद्ध दोन मतांनी त्या संघाचा आणि त्या पेठेच्या संघाचा ठराव मंजूर झाला. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक माझे चाळीस वर्षांचे स्नेही आहेत. त्यांच्या पेठेचा संघ राहिला. ते अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलतात.

आमचा निवाडा बरोबर ठरेल याची हमी मी देऊ शकत नाही. रंगकाम करणाऱ्या तरुणाला उद्या पुण्यात नोकरी लागली, तर त्या रानात कोण उभे राहणार? अँटवर्पचा हिशेबही एका वर्षात लागला नव्हता. एक मात्र केले आहे. अर्जाचा छापील नमुना बदलला. नोंदणी, लेखापरीक्षण हे रकाने आहेतच, पण आता ते खाली गेले. पहिला रकाना अर्जदाराने भरायचा नाही, आम्ही भरायचा आहे. विश्वस्त सरावाला कोणत्या तारखेला जाऊन आले, त्याचा.