भूक ओळखणारी आई

स्वतः भोगलेल्या दुःखाचे आपण काय करतो? बहुतेक वेळा ते कुरवाळत बसतो. पंडिता रमाबाईंकडे पाहा.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात गेले, पाठोपाठ बहीणही गेली. विशीच्या आतच त्या भावासोबत उपाशीपोटी मैलोन् मैल चालल्या. पुढे वैधव्य आले. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले आणि १८८९ मध्ये विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. सदनाला अमेरिकेतून दहा वर्षांसाठी कबूल झालेली मदत संपत आली होती. हात आखडता घेतला असता, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्या उपाशी मुलींच्या डोळ्यांत त्यांना आपलेच जुने दिवस दिसले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर त्यांना निवारा दिला. तेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत रमाबाई तिथेच राबल्या.

ख्रिस्ती जीवनात दुसऱ्याची गरज आधी येते, ती अशी. तुम्ही सोसलेले कोणते दुःख आज शेजारच्या घरात आहे? तिथे आधी जा.