गणिताच्या बाई, वय वर्षे अठरा

एडा लव्हलेसचं नाव काढलं की कॉम्प्युटरवाले ‘जगातली पहिली प्रोग्रॅमर’ म्हणून मोकळे होतात. पण वयाच्या अठराव्या वर्षी ती मुलींना गणित शिकवायची, हे फारसं कुणी सांगत नाही.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनचा. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. एडा महिन्याची असतानाच आई तिला घेऊन निघून गेली. बापलेकीची पुन्हा भेट झालीच नाही. मुलगी वडिलांच्या वळणावर जाऊ नये म्हणून आईनं तिला गणिताला जुंपलं. (आपल्याला एम-थ्रीला जुंपतात ते कशासाठी, देव जाणे!) तरी बाराव्या वर्षी पोरीनं पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून वाफेवर उडणाऱ्या यंत्राचा बेत आखलाच. पुढे गोवर झाला, पाय गेले, मग कुबड्या आल्या. अभ्यास मात्र चालूच.

१८३३ मध्ये तिनं चार्ल्स बॅबेज यांचं आकडेमोड करणारं डिफरन्स इंजिन पाहिलं आणि ती त्याच्या प्रेमातच पडली. पण शिकायचं कुठे? इंग्लंडच्या विद्यापीठांत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. अशा वेळी भेटल्या मेरी सॉमरव्हिल. त्या स्वतः घरच्यांचा विरोध सोसून गणित शिकलेल्या. त्यांनी एडाला पुस्तकं दिली, अडलेलं समजावलं.

आणि एडानं काय करावं? १८३४ मध्ये, स्वतःचंच शिक्षण अर्धवट असताना, आईच्या मैत्रिणीच्या मुलींना, ॲनाबेला आणि ऑलिव्हिया ॲचेसन यांना, गणित शिकवायला घेतलं. तेही पत्रांतून! हा पत्रव्यवहार पुढे स्त्रीजातीच्या भल्यासाठी छापला जाईल, अशी थट्टाही तिनं केली. मला तर वाटतं, खरी एडा इथेच घडली. दुसऱ्याला समजावताना आपलं कच्चं कुठे आहे ते कळतं. ज्युनियरला सर्किट समजावणाऱ्या कुणालाही विचारा.

१८३५ मध्ये लग्न झालं, मग तीन मुलं. तरी १८४३ मध्ये बॅबेज यांच्या ॲनालिटिकल इंजिनवरच्या एका फ्रेंच लेखाचं तिनं भाषांतर केलं आणि मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपा जोडल्या. बर्नोली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या, हे तिनं एकेक पायरी तक्त्यात मांडून दाखवलं. नियम देता आले तर हे यंत्र संगीतही रचेल, असंही लिहिलं.

२७ नोव्हेंबर १८५२ ला कॅन्सरनं ती गेली. वय अवघं ३६. तिच्याच इच्छेनुसार तिला वडिलांशेजारी पुरलं. ज्या इंजिनासाठी एवढं लिहिलं, ते तेव्हाही कागदावरच होतं.