तीन नांवांचा एक माणूस

पवित्र शास्त्र वाचीत असतां एकाच लोकांस कोठें इब्री, कोठें इस्राएली, तर कोठें यहूदी म्हटलेलें पाहून आमचे विद्यार्थी घोटाळ्यांत पडतात. कोश उघडण्यापूर्वीं त्यांनीं पौलाचें चरित्र पाहावें, असें आम्हांस वाटतें. कारण हीं तिन्ही नांवें त्यानें स्वतःस लाविलीं आहेत.

पौलाचा जन्म किलिकियांतील तार्स नगरांत झाला. तेथील विद्या ग्रीक, राज्य रोमी, आणि पौल जन्मानेंच रोमी नागरिक. अशा ठिकाणच्या मुलानें वाडवडिलांची भाषा टाकिली असती तर नवल नव्हतें. त्यानें ती टाकिली नाहीं. यरुशलेमेंत गमलिएलाच्या पायांशीं बसून तो नियमशास्त्र शिकला, आणि आपण इब्री असल्याचें त्यानें पुढें दोन पत्रांत लिहून ठेविलें. हें नांव शास्त्रांत प्रथम अब्राहामास लागतें. मिसर देशांत योसेफासही लोक ह्याच नांवानें ओळखीत. म्हणजे तें बरेंचसें परक्यांच्या तोंडचें. पौलाच्या काळीं मात्र ग्रीक बोलणाऱ्या बांधवांहून निराळा, वडिलांची भाषा राखणारा, असा त्याचा अर्थ होऊं लागला होता.

एकदां यरुशलेमेच्या मंदिरांत जमावानें त्याला धरून मारहाण केली. रोमी सरदारानें त्याला सोडविलें खरें, पण कोणी मिसरी बंडखोर समजून सांखळ्या घातल्या. तेव्हां आपण तार्सचे यहूदी आहों, असें पौलानें सांगितलें. आणि पायऱ्यांवर उभा राहून तो त्याच जमावाशीं इब्री भाषेंत बोलूं लागतांच सर्वत्र शांतता पसरली.

येथें एखादा चाणाक्ष वाचक आम्हांस अडवील. पौल तर बन्यामीन वंशाचा. मग यहूदाचें नांव त्याला कसें लागलें? यहूदा हा याकोबाचा चौथा मुलगा. शलमोनानंतर राज्य दुभंगलें. उत्तरेनें इस्राएल हें नांव घेतलें. दक्षिणेंत यहूदाबरोबर बन्यामीन राहिला. इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमारास अश्शूरांनीं शोमरोन घेतलें, व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें. बंदिवासांतून परतले ते बहुतेक दक्षिणेचे. म्हणून पुढें वंश कोणताही असो, माणूस यहूदीच. एस्तेरेच्या ग्रंथांतील मर्दखय असाच बन्यामिनी यहूदी होता.

तिसरें नांव सर्वांत जिव्हाळ्याचें. यब्बोक नदीच्या उतारापाशीं रात्रभर झुंज दिल्यावर याकोबास इस्राएल हें नांव मिळालें. तें नुसतें वंशाचें नव्हे, देवाच्या कराराचें. (आमच्या कोंकणांत तेल गाळणारे यहूदी स्वतःस बेने इस्राएल म्हणवीत, शनिवार तेली हें नांव शेजाऱ्यांनीं दिलेलें.) पौलाचा संदेश त्याच्या स्वजनांपैकीं पुष्कळांनीं नाकारला. पांच वेळां त्यांच्या हातून त्यानें एक कमी चाळीस फटके सोसले. आपला ह्या लोकांशीं संबंध उरला नाहीं, असें ज्यानें ठरविलें असतें, तो पुनःपुनः सभास्थानांत गेला नसता. रोमकरांस लिहितांना ह्याच लोकांविषयींचें दुःख त्यानें मांडलें, तेव्हां त्यांस इस्राएली हेंच नांव दिलें.

इ. स. ६० च्या सुमारास, कैसराकडे दाद मागून, तो बंदिवान म्हणून रोमेस पोंचला. तीन दिवसांनीं त्यानें तेथील यहूदी पुढाऱ्यांस बोलावून घेतलें, आणि ही सांखळी आपण इस्राएलाच्या आशेसाठीं वागवीत आहों, असें त्यांस सांगितलें. दोन वर्षें तो तेथें भाड्याच्या घरांत राहिला. नीरोच्या अमदानींत त्याचा शिरच्छेद झाला, अशी प्राचीन परंपरा आहे.