खबर आणि माग : जिम कॉर्बेट

हिमालयाच्या कुशीतील नैनिताल येथे २५ जुलै १८७५ रोजी जिम कॉर्बेट यांचा जन्म झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम पाच वर्षांचे असतानाच त्यांचे छत्र हरपले. भावंडे पुष्कळ, मिळकत तुटपुंजी. हिवाळा आला की हे कुटुंब खाली कालाढुंगीच्या घरी उतरत असे. तेथे जंगल अगदी दाराशीच होते. पाखरांचे आवाज, ओल्या मातीतील ठसे, मोडलेले गवत यांचा अर्थ लावण्यास जिम तेथेच शिकले.

लहानपणी त्यांनी हडळीच्या अनेक गोष्टी ऐकल्या होत्या. एकदा वाऱ्याच्या दिवशी जंगलात त्यांना तशीच एक भयंकर किंकाळी ऐकू आली. भीती वाटली, तरीही आवाजाच्या दिशेने सरपटत जाऊन त्यांनी पाहिले. वाऱ्याने एक झाड दुसऱ्यावर घासत होते, एवढेच! ऐकलेल्या गोष्टीची जागेवर जाऊन खात्री करण्याची ही सवय पुढे शेकडो लोकांच्या जिवाशी निगडित होणार होती.

पैशाअभावी उच्च शिक्षण घेता आले नाही. तरुण वयातच त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि नंतर गंगाकाठच्या मोकामा घाटावर, रुंद रुळांच्या गाड्यांतील माल अरुंद रुळांच्या गाड्यांत चढविण्याचे कंत्राट सुमारे वीस वर्षे सांभाळले. हमालांबरोबर ते स्वतःही राबत.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीला मारण्याची विनंती त्यांना करण्यात आली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे तिने मारल्याची नोंद होती. कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या : जाहीर केलेले बक्षीस मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणून ओळखले जाणे त्यांना मान्य नव्हते. वाघीण मारल्यावर दिसले की, तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे बंदुकीच्या जुन्या गोळीने मोडलेले होते. नेहमीचे भक्ष्य धरणे तिला अशक्य झाले होते. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नसतो. जखम किंवा म्हातारपण त्याला या वाटेवर आणते, हे मत त्यांनी पुढे आयुष्यभर मांडले.

नरभक्षकाच्या मुलुखात खबरींना तोटा नसे. भ्यालेल्या माणसाला प्रत्येक झुडपामागे वाघ दिसतो. कॉर्बेट मात्र प्रत्येक ठिकाणी स्वतः जात. ठसा ताजा की जुना, नराचा की मादीचा, जनावर तरुण की वयस्क, हे ते जमिनीवरून वाचत. वेळही ते पाहत. माणसाची भीती मेलेला वाघ दिवसाढवळ्या हल्ला करतो. बिबळ्याची भीती कधीच जात नाही, म्हणून तो रात्री येतो, असा त्यांचा अनुभव होता.

या साऱ्याची खरी कसोटी लागली ती रुद्रप्रयागला. केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रामार्गावरील सुमारे १३०० चौरस किलोमीटरच्या टापूत एका बिबळ्याने आठ वर्षे दहशत बसविली होती. ९ जून १९१८ रोजी बेंजी गावी पहिला बळी गेला. सरकारी नोंदीनुसार एकूण बळी १२५. सूर्य मावळला की गावे चिडीचूप होत, यात्रेकरू धर्मशाळांत दाटीवाटीने दडून बसत. एका गावात चाळीस शेळ्यांसह कोंडून झोपलेल्या अनाथ गुराखी मुलाला बिबळ्याने दार ढकलून नेले. एकाही शेळीला ओरखडा नव्हता. हे जनावर नसून रूप पालटणारे पिशाच आहे, असे लोकांना वाटल्यास नवल नाही. संशयापायी एका साधूचा जीवही जायची वेळ आली होती.

कॉर्बेट यांनी या समजुतीची चेष्टा केली नाही, ठसे पाहिले. ते एका मोठ्या, उतारवयाच्या नर बिबळ्याचे होते. अलकनंदा ओलांडून तो दोन्ही तीरांवर वावरतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी झुलते पूल रात्री काटेरी झुडपांनी बंद करविले, म्हणजे शोधाचे क्षेत्र निम्मे झाले. पुलाच्या मनोऱ्यावर, कडाक्याच्या वाऱ्यात, त्यांनी वीस रात्री काढल्या. यश आले नाही. थकून ते परतले, पण पुन्हा आले. अखेर गुलाबराय येथे रस्त्याकाठच्या आंब्यावर अनेक रात्री बसल्यानंतर, मे १९२६ च्या आरंभी, त्यांची गोळी लागली.

मात्र मेलेला बिबळ्या तोच कशावरून? १९२१ मध्ये पुलावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्या जखमेची जुनी खूण पायाच्या तळव्यावर सापडली, तेव्हाच कॉर्बेट यांचे समाधान झाले. मूळ कारणही त्यांनी शोधले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मृतांची संख्या इतकी वाढली की यथाविधी दहन होईना. तोंडात निखारा ठेवून प्रेते दरीत लोटली जात. बिबळ्याला माणसाच्या मांसाची चटक तेथे लागली असावी.

कॉर्बेट केवळ नरभक्षकांचेच शिकारी होते असे म्हणणे खरे ठरणार नाही. हौसेची शिकारही त्यांनी पुष्कळ केली. पण हळूहळू बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना प्रिय झाला. १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी खटपट केली. १९४४ मध्ये कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पुस्तक आले आणि जगभर गाजले. मराठीतही त्यांच्या पुस्तकांचे अनुवाद झाले आहेत.

१९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. पुढे हेली उद्यानाला त्यांचेच नाव देण्यात आले आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला. कालाढुंगीच्या त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे.