दुसरा बाजीराव : आनंदवल्लीचा कैदी आणि नाशिकचा हिरा

गंगापूर रोडने शहराबाहेर निघाले की उजव्या हाताला आनंदवल्ली लागते. आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थी रोज त्या वाटेने ये-जा करतात. परीक्षा जवळ आली की नवश्या गणपतीला हात जोडणारेही पुष्कळ आहेत. राघोबादादा आणि आनंदीबाई यांनी नवस फेडण्यासाठी हे देऊळ बांधले असे सांगतात. आनंदवल्ली हे नावही आनंदीबाईंचेच. परंतु याच ठिकाणी मराठी राज्याच्या शेवटच्या पेशव्याने आपल्या तारुण्याचा आरंभ कैदेत काढला, याची आठवण आपल्याला क्वचितच होते.

दुसरा बाजीराव म्हटले की आपण नाक मुरडतो. पळपुटा, विलासी, राज्य बुडवणारा ही विशेषणे शाळेपासून आपल्या कानांवर पडलेली असतात. त्यातली बरीचशी त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवली आहेत. त्याला निर्दोष ठरवावे असा या लेखाचा हेतू नाही. मात्र त्याच्या आयुष्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहता येते. ती बाजू आहे बोलीची, सौद्याची आणि लिलावाची.

बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजी माळव्यातील धार येथे झाला. वडील रघुनाथराव पेशवेपदासाठी इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. नारायणरावाच्या खुनाचा डाग घराण्यावर लागलेला. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथरावांना राजकारण सोडून कोपरगावी राहावे लागले आणि १७८३ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. बाजीराव तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. धाकटा भाऊ चिमाजी अप्पा वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मला. आनंदीबाई, दत्तक पुत्र अमृतराव आणि ही दोन मुले, एवढे कुटुंब नाना फडणिसांच्या पहाऱ्यात दिवस काढू लागले.

पुढे या कुटुंबाला नाशिकजवळ आनंदवल्लीस आणण्यात आले. गोदेचा काठ, वाडा, चाकरमाणसे, शिकवायला शास्त्रीपंडित, सारे काही होते. नव्हते ते स्वातंत्र्य. १७९४ मध्ये आनंदीबाई येथेच वारल्या. त्याच सुमारास निजामाशी युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा नानांनी सावधगिरी म्हणून भावंडांना शिवनेरीवर हलवले. विशीच्या आतबाहेरचा हा तरुण दिसायला देखणा, बोलण्यात मिठ्ठास, संस्कृत आणि धर्मशास्त्र यांत चांगला तयार झालेला होता. पण ज्या वयात माणसाने माणसांवर विश्वास ठेवायला शिकावे, त्या वयात तो पहारेकऱ्यांच्या नजरा ओळखायला शिकला. पुण्यातील तरुण पेशवा सवाई माधवराव याच्याशी त्याने गुप्त पत्रव्यवहार केला. तो उघडकीस येताच पहारा अधिकच कडक झाला. मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवण्याची जी खोड पुढे सर्वांना जाचली, तिचे मूळ या वर्षांत शोधावे लागेल.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावाचा मृत्यू झाला आणि पेशव्यांची गादी रिकामी पडली. त्यानंतरचे वर्षभराचे राजकारण म्हणजे एक प्रकारची बोलीच होती. नाना, शिंदे, परशुरामभाऊ पटवर्धन हे सारे आपापला दाम लावत होते. अखेर डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर बसला. नानांचा काटा काढण्यासाठी त्याने दौलतराव शिंद्यांना दोन कोटी रुपये कबूल केले. एवढी रक्कम खजिन्यात कुठली? मग शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना ती पुण्यातूनच वसूल करण्याची मोकळीक मिळाली आणि १७९८ मध्ये सावकार, कारकून, गृहस्थ यांना पकडून त्यांचा छळ करण्यात आला. गादीची किंमत पेशव्याने बोलली, ती रयतेने मोजली.

१८०० मध्ये नाना फडणीस निवर्तले आणि उरलासुरला धाकही संपला. पुढच्याच वर्षी बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. भावाच्या या मृत्यूने यशवंतराव होळकर पेटून उठले आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत त्यांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव कोकणात पळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर त्याने सही केली आणि इंग्रजी फौजेच्या बळावर पुण्याची गादी परत मिळवली. स्वातंत्र्य गेले, गादी राहिली.

त्यानंतरची काही वर्षे वरवर पाहता शांततेची होती. पुण्यात विश्रामबागवाड्यासारखी देखणी इमारत उभी राहिली. रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाऊ लागली. जडजवाहीर, मौल्यवान वस्तू आणि रोकड यांचा संग्रह वाढत गेला. हा पैसा कोठून येत होता, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. पूर्वी मामलत ही अनुभवी आणि सचोटीच्या माणसाला दिली जाई. बाजीरावाच्या काळात ती लिलावात निघाली. दरबारातील जो अधिक बोली बोलेल, त्याला परगण्याचा वसूल मिळे. घेणारा ती पोटमक्त्याने दुसऱ्याला देई, दुसरा तिसऱ्याला. पुढच्या वर्षी आपली मामलत राहील याची खात्री कोणालाच नसे, म्हणून जो तो हाती आहे तोवर गाव पिळून घेई. न्याय मागायला जायचे तर पुन्हा त्याच मक्तेदाराच्या दारात. खेडी ओस पडली, पाटील कर्जबाजारी झाले. एल्फिन्स्टनने पुढे जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीवर कडक टीका आहे. तो शत्रूचा अहवाल आहे हे खरे, पण तेवढ्याने त्यातील वस्तुस्थिती खोटी ठरत नाही.

शेवट झपाट्याने आला. १८१५ मध्ये बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. पेशव्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आरोप येऊन त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, तेथून तो निसटला. जून १८१७ च्या पुणे तहाने इंग्रजांनी पेशव्याचे हातपाय बांधले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर पेशवा पुढे आणि इंग्रजी पलटणी मागे, असा महाराष्ट्रभर पाठलाग सुरू झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडले. एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकगड इंग्रजांनी घेतला. मे महिन्यात रायगड पडला. पेशव्याची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती. ३ जून १८१८ रोजी बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपये तनखा आणि गंगेकाठी वास्तव्य, या अटींवर हा शेवटचा सौदा ठरला.

आता नाशिकच्या हिऱ्याकडे वळू. इंग्रजीत ज्याला नासाक डायमंड म्हणतात, तो हा हिरा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळात महादेवाला वाहिलेला होता असे परंपरेने मानले जाते. १८१८ मध्ये पेशव्याकडून तो कर्नल ब्रिग्जच्या हाती गेला आणि मार्क्विस हेस्टिंग्जमार्फत ईस्ट इंडिया कंपनीला युद्धातील लूट म्हणून मिळाला. दख्खनच्या या लुटीत कोणत्या सेनापतीच्या फौजेचा किती वाटा, यावरून इंग्रजांमध्येच वर्षानुवर्षे वाद चालला. तो मिटवण्याच्या कामी वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन यालाही विश्वस्त म्हणून बसावे लागले.

लंडनला पोचला तेव्हा हा हिरा ८९ कॅरटांहून अधिक वजनाचा होता. आपल्याकडील कारागिरांनी वजन राखण्याकडे लक्ष दिले होते, चकाकीकडे नव्हे. तिकडच्या बाजाराला तो बेढब वाटला. रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो ७८ कॅरटांवर आला. पुढे ७,२०० पौंडांना विकला जाऊन १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या उमरावाच्या घरी गेला आणि त्या घराण्याच्या तलवारीच्या मुठीत बसला. विसाव्या शतकात तो पॅरिसमार्गे अमेरिकेत गेला. तेथे ही प्राचीन कलावस्तू मानायची की नुसते रत्न, असा जकातीचा वाद न्यायालयापर्यंत पोचला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले आणि वजन ४३.३८ कॅरट उरले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो पाच लाख डॉलरांना गेला. घेणारा गृहस्थ मालमोटारींच्या व्यवसायातला होता. ज्याने परगणे लिलावात काढले, त्याच्या खजिन्यातले रत्न असे हातोड्याखाली गेले. आणि मालक बदलत गेले, पण मूळ हिरा निम्म्याहून कमी झाला.

पण पेशव्यांच्या घरात आणखी एक ठेव होती. तिच्याकडे मात्र कोणीच बोली लावायला आले नाही. ती म्हणजे त्यांचे दफ्तर. गावोगावचे वसूल, इनामे, न्यायनिवाडे, मोहिमांचे खर्च यांचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. थोरल्या माधवरावांच्या आणि नानांच्या काळात दफ्तराची शिस्त मोठी होती. बाजीरावाने ती मोडली. दफ्तराचा कारकूनवर्ग काढून टाकला गेला आणि लोकांनी कागद उचलून नेले तरी विचारणारे कोणी राहिले नाही. हिरे कुलपात होते आणि कागद उघड्यावर.

राज्य घेतल्यावर इंग्रजांना जमीनमहसुलासाठी त्याच कागदांची गरज भासली. उरलेले रुमाल गोळा करून पुण्यात लावण्यात आले. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. आज पानिपतावर, नाशिकच्या घाटांवर किंवा एखाद्या खेड्याच्या पाटीलकीवर कोणी प्रबंध लिहू लागला तर त्याला त्या दफ्तराकडे वळावे लागते. हिरा एका वेळी एकाच धनिकाच्या तिजोरीत मावतो. कागद मात्र वाचायला येईल त्या प्रत्येकाचा होतो.

बाजीरावाचे उरलेले आयुष्य कानपूरजवळ बिठूरला गेले. स्नानसंध्या, दानधर्म, विवाह आणि आश्रितांचा मोठा गोतावळा यांत जवळजवळ तेहतीस वर्षे सरली. मूल न जगल्यामुळे १८२७ मध्ये त्याने धोंडोपंताला दत्तक घेतले. तेच पुढचे नानासाहेब. २८ जानेवारी १८५१ रोजी शेवटचा पेशवा गंगेकाठी वारला. गोदेकाठच्या कैदेत सुरू झालेले आयुष्य गंगेकाठच्या नजरकैदेत संपले. डलहौसीने नानासाहेबांचा तनखा नाकारला आणि १८५७ च्या उठावात बिठूरचा वाडा इंग्रजांनी लुटून उद्ध्वस्त केला. जमवलेल्या संपत्तीचा असा दुसऱ्यांदा निकाल लागला.

एप्रिल २०२५ मध्ये नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती मिळवली. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना अभिमान वाटला आणि ते योग्यच होते. गेलेली वस्तू परत येते तेव्हा आनंद होणारच. परंतु लिलावात जाते ती वस्तू निदान कोठे आहे हे तरी कळते. जुन्या नाशिकच्या वाड्यांच्या माळ्यांवर, निफाड-सिन्नर-येवल्याच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या पेट्यांत जे मोडी कागद पडले आहेत, ते वाडा पाडताना किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यांच्यासाठी हातोडा पडत नाही आणि वर्तमानपत्रात बातमीही येत नाही.

दुसऱ्या बाजीरावाला आपण दोष देतो, तो देताना त्याच्या दफ्तराचीही आठवण ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर माळ्यावरची पेटी एकदा खाली काढावी. कागदावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसावी आणि अक्षर लागत नसेल तर मोडी जाणणाऱ्या एखाद्या वृद्धाजवळ किंवा आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांजवळ जाऊन बसावे. कदाचित तो निव्वळ बैल विकल्याचा हिशोब निघेल. तरीही तो जपून ठेवावा. त्या बैलाचा भाव आपल्याला दुसरे कोण सांगणार?