वाळवंटातील विणकर

अमेरिकेच्या नैऋत्य भागात, न्यू मेक्सिको व ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर, एक विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. तांबड्या खडकांचे सुळके, खुरटी झुडुपे आणि दृष्टी पोचेल तेथवर वाळू, असे त्याचे रूप आहे. उन्हाळ्यात तेथील भूमी तापून निघते. पाऊस क्वचितच पडतो. अशा या रुक्ष प्रदेशात नॅव्हाहो नावाचे आदिवासी लोक राहतात. मेंढ्या पाळणे व लोकरीची वस्त्रे विणणे हा त्यांचा पिढीजात उद्योग होय. या लोकांत होस्टीन क्लाह नावाचे एक थोर विणकर होऊन गेले.

क्लाह यांचा जन्म १८६७ साली झाला. तो काळ नॅव्हाहो लोकांच्या विपत्तीचा होता. १८६४ साली अमेरिकी सैन्याने हजारो नॅव्हाहोंना त्यांच्या भूमीतून हुसकावून, शेकडो मैल पायी चालवत, दूरच्या एका छावणीत नेऊन ठेवले होते. तेथे पिके बुडाली, पाणी मचूळ लागले, आणि उपासमारीने व रोगाने कितीतरी माणसे दगावली. अखेर १८६८ साली तह होऊन त्यांना स्वदेशी परतण्याची मुभा मिळाली. तहानुसार त्यांना १५,००० मेंढ्या व शेळ्या मिळावयाच्या होत्या. या कळपांच्या आधारे त्या लोकांनी आपले उद्ध्वस्त संसार पुन्हा उभे केले.

नॅव्हाहो भाषेत क्लाह म्हणजे डावखुरा आणि होस्टीन म्हणजे आदरणीय गृहस्थ. या डावखुऱ्या मुलाने घरातील स्त्रियांकडून सूत कातण्याची व विणण्याची कला उचलली. विणकाम हे त्या समाजात मुख्यतः स्त्रियांचे काम. परंतु ते करणाऱ्या पुरुषांनाही तेथे मान होता. मेंढ्यांची लोकर कातरायची, ती पिंजून तिचे पेळू करायचे, आणि मग ते कातायचे. कातण्यासाठी चरखा नव्हे, तर आपल्या टकळीसारखी, परंतु तिच्याहून पुष्कळ लांब अशी लाकडी चाती असे. तिचे खालचे टोक जमिनीवर टेकवून ती मांडीवर हाताने फिरवीत. असे कातलेले सूत उभ्या मागावर विणले जाई. एका मोठ्या वस्त्राला महिनेच्या महिने लागत.

क्लाह यांनी दुसरीही एक विद्या संपादन केली. नॅव्हाहो लोक आपल्या वैद्याला गाणारा असे म्हणतात. कारण मंत्रगीते गाऊन तो रोग्याला बरे करतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. एक विधी तर नऊ रात्री चालतो. त्यातील शेकडो गीते एका अक्षराचीही चूक न होता मुखोद्गत करावी लागतात. या विधीत रंगीत दगडांची पूड चिमटीने सोडून जमिनीवर देवतांची चित्रे काढतात. आपल्या रांगोळीची आठवण करून देणारी ही चित्रे विधी आटोपताच पुसून टाकली जातात. ती कायम ठेवू नयेत, ठेवल्यास देवतांचा कोप होतो, असा पूर्वापार नियम होता. क्लाह यांनी अनेक वर्षे अभ्यास करून या विद्येत प्रावीण्य मिळवले.

परंतु वय वाढत चालले, तशी एक चिंता त्यांचे मन पोखरू लागली. मुले सरकारी वसतिशाळांत जाऊ लागली होती. तेथे त्यांना मातृभाषेपासूनही दूर ठेवले जात असे. इतकी दीर्घ विद्या शिकण्यास तरुण पुढे येईनात. गुरूच्या स्मरणातच राहणारे ज्ञान गुरूबरोबरच मातीत जाणार, हे क्लाह यांना स्पष्ट दिसू लागले. नियम पाळावा तर विद्या बुडते, आणि विद्या राखावी तर नियम मोडतो, असा हा पेच होता.

१९१९ साली त्यांनी निर्णय घेतला. वाळूवर काढले जाणारे एक पवित्र चित्र त्यांनी मागावर लोकरीत विणावयास घेतले. ही वार्ता पसरताच लोक भयभीत झाले. देवतांचा कोप होऊन विणणारा आंधळा होईल, असे त्यांना वाटे. इतर वैद्यही रुष्ट झाले. क्लाह यांनी त्या भीतीचा उपहास केला नाही. ते स्वतःही श्रद्धाळूच होते. रक्षणाचे विधी करून त्यांनी काम चालू ठेवले. पुढे त्यांनी आपल्या दोन भाच्यांनाही ही कला शिकवली. वर्षे लोटली. क्लाह यांची दृष्टी शाबूत राहिली आणि लोकांचे भय हळूहळू ओसरले.

ज्या शिष्यावर त्यांची सारी भिस्त होती, तो १९३१ साली मरण पावला. हा घाव मोठा होता. तरीही वृद्ध क्लाह डगमगले नाहीत. मेरी कॅबट व्हीलराइट नावाच्या विदुषीला त्यांनी आपल्या कथा व गीते सांगितली आणि तिने ती लिहून घेतली. या ठेव्यासाठी सांता फे येथे एक संग्रहालय उभे राहिले. त्याचा आकार नॅव्हाहोंच्या घरासारखा अष्टकोनी असून त्याचे दार पूर्वेला आहे. १९३७ साली ते खुले झाले. परंतु ते पाहण्यास क्लाह राहिले नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांचे निधन झाले होते.

पुढे चाळीस वर्षांनी, १९७७ साली, या संग्रहालयाने वैद्यांच्या पूजेतील पवित्र वस्तू नॅव्हाहो लोकांच्या स्वाधीन केल्या. ज्यांची ठेव होती त्यांच्याच घरी ती परत गेली.

नियम मोडू नये म्हणणारे आणि तो मोडणारे क्लाह, या दोघांचेही प्रेम एकाच विद्येवर होते. ती विद्या टिकावी म्हणून स्वजनांचा रोष पत्करण्याचे धैर्य क्लाह यांनी दाखवले आणि तो पत्करतानाही स्वजनांविषयीचा आदर ढळू दिला नाही. वाळूवरची रेघ वाऱ्याने पुसली जाते. क्लाह यांनी ती लोकरीच्या धाग्यात गुंफली, म्हणून ती आजही पाहावयास मिळते.