बंदुकीचं वजन

नोकरीच्या काळात मी काही वर्षं तीर्थपुरीच्या शाखेत होतो. दारात स्टुलावर आमचे वॉचमन बसत, निवृत्त फौजी. त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्या खांद्याला दुनळी बारा बोअर असे. मामांचा एक सिद्धान्त होता. बंदुकीचं वजन दुकानात कळत नाही, ते दुपारी चार वाजता कळतं, दिवसभर खांद्यावर वागवल्यानंतर. मामांचं गाव असईच्या बाजूचं. एका सुटीच्या दिवशी ते मला जालन्याहून उत्तरेला तिथं घेऊन गेले. दोन ओढ्यांमधल्या त्या शिवारात ज्वारी उभी होती. तिथं उभं राहून मला महादजी शिंदे आठवले. ते कधी या रानात लढले नव्हते. आठवले ते त्यांच्या बंदुकीमुळे.

महादजी म्हणजे राणोजी शिंद्यांचे धाकटे चिरंजीव, घराणं कण्हेरखेडचं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं, तेव्हा पाठलागावरच्या एका अफगाण स्वारानं त्यांच्या पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्यानं त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणलं. राणेखानाला पुढं त्यांनी भाऊ मानलं, सरदारी दिली. पाय मात्र जन्मभर अधू राहिला. घोड्यावर मांड टाकून मोठी झालेली ही पिढी. त्यातल्याच या लंगड्या सरदारानं पुढं आपला भरवसा पायदळावर ठेवला, याचं मला नेहमी नवल वाटतं.

भरवसा सहज बसला नाही. १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅमच्या शिपायांनी कापूस भरलेले जोडे घालून रातोरात ग्वाल्हेरचा किल्ला चढला. पुढच्याच वर्षी कॅमॅकनं महादजींच्या छावणीवर रात्री छापा घातला. दोन्हीकडचे शिपाई हिंदुस्थानीच होते. फरक होता हातातल्या बंदुकीत, कवायतीत आणि वेळेवर मिळणाऱ्या पगारात. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि महादजींना उसंत मिळाली.

१७८४ मध्ये त्यांनी बन्वा द ब्वान्य याला चाकरीस घेतलं. आपल्या बखरकारांच्या जिभेवर त्याचा डिबॉइन झाला. सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा हा माणूस फ्रेंच आणि रशियन फौजेत राहून आलेला. दोन पलटणी उभ्या करायच्या ठरल्या आणि प्रश्न आला, शिपायाच्या हातात द्यायचं काय?

आज आपल्याला वाटतं, यात कसला प्रश्न! पण देशी तोडेदार बंदूक टाकाऊ नव्हती. तिची लांब नळी गोळी दूर फेकी, आणि ती गावोगाव तयार होई. अडचण होती तोड्याची. तो सतत पेटता ठेवायचा, तोही दारूच्या शेजारी. म्हणून माणसं अंतर ठेवून उभी करावी लागत. पावसात तोडा विझे, रात्री त्याचा निखारा जागा दाखवी. पथरकल्यात चापाच्या तोंडी चकमकीचा तुकडा बसवलेला असे. चाप दाबला की तो पोलादावर आपटे, ठिणगी रंजकात पडे आणि बार उडे. पेटतं काही जवळ नसल्यानं माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत. कंपनीच्या असल्या बंदुकीचं वजन साधारण साडेचार किलो भरे. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी. नळीच्या टोकाला संगीन चढवली की तीच बंदूक भाला होई, आणि घोडदळाला थोपवायला भालाच लागे. चाप, नळी, दस्ता आणि संगीन या चारांचा मेळ म्हणजे डिबॉइनची पलटण. तोडेदारही महादजींच्या फौजेतून गेली नाही. नजीब पलटणींकडे तीच राहिली, पण संगीन लावून.

बंदुका परदेशातून किती आणणार? आग्र्याला कारखाना निघाला. सँगस्टर नावाचा स्कॉट तिथं तोफा ओती आणि बंदुका घडवी. एक बंदूक दहा रुपयांत पडे. महादजी डिबॉइनला माणशी दरमहा ८ रुपये देत, त्यातले साडेपाच साध्या शिपायाच्या हाती पडत. बँकेतल्या सवयीनं मी आकडेमोड करून बसतो. म्हणजे बंदूक शिपायाच्या दोन पगारांहूनही स्वस्त! महाग होता तो शिपाईच, कारण तो दर महिन्याला लागे.

१७८७ मध्ये लालसोटच्या रणात हे कळून चुकलं. पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला मिळाल्या. डिबॉइनच्या दोन पलटणी जागेवर राहिल्या. पुढं महादजींनी दोआबातले महाल कंपूच्या खर्चासाठी लावून दिले आणि पगार नियमित झाला. जखमीला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाल्यास अर्धा पगार आणि जमीन, अशी सोय झाली. या सोयीचं श्रेय डिबॉइनला देतात आणि ते रास्तच आहे. पण तिला मंजुरी देणारा धनीही लंगडत चालत होता.

मग १७९० मध्ये पाटण आणि मेडता, १७९३ मध्ये लाखेरी, असे जय मिळत गेले. १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले, तेव्हा त्यांच्या मागं डिबॉइनचे तीन कंपू होते. दोन वर्षांत डिबॉइननंही चाकरी सोडली आणि पुढं बराच पैसा घेऊन तो शांबेरीत राहिला.

बंदूक आग्र्याची, शिपाई इथला, पगार दोआबातला. हुकूम देणारे तेवढे परके राहिले. त्या जागी बसतील अशी आपली माणसं तयार करायची राहून गेली. महादजी आणखी दहा वर्षं जगते तर केली असती का? मला तशी आशा वाटते, पण पुरावा नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या युरोपियन अधिकाऱ्यांना फोडलं. त्यातले कित्येक गेले.

२३ सप्टेंबर १८०३ ला या असईच्या शिवारात हॅनोव्हरचा पोलमन शिंद्यांच्या पलटणी घेऊन उभा होता. पुढं वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीची दीड हजारांवर माणसं इथं मेली किंवा जखमी झाली. तोफा हाती आल्यावर त्या कंपनीच्या फौजेत वापरण्याजोग्या आहेत असं त्याला आढळलं. पोलमन नंतर कंपनीच्याच नोकरीत गेला.

परतताना मामा ओढ्याच्या काठाशी थांबले. दौलतरावांच्या शिपायांना त्या दिवशी किती कोस चालावं लागलं असेल, असं त्यांनी मला विचारलं. मग खांद्यावर बंदूक नसतानाही त्यांनी खांदा चोळला.